वेनेराचा मंगळवार

वेनेराच्या घरात मंगळवारी आणि शुक्रवारी कुणी प्रवासाला निघत नसे. त्या दोन वारी लग्न लावायचं नाही, गाव सोडायचं नाही आणि नवं काम हाती घ्यायचं नाही, हे सिसिलीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण लोक तोंडाने म्हणतात आणि सोयीने विसरतात. वेनेरा विसरणाऱ्यांतली नव्हती. मुलगी शाळेत असताना सहल नेमकी शुक्रवारी निघाली, तेव्हा हिने "पोरीला ताप आहे" असा निरोप धाडून तिला घरी ठेवून घेतलं. पोरगी ठणठणीत होती. दिवसभर रडून रडून संध्याकाळी तिला खरंच ताप चढला. "बघ, मी म्हणत नव्हते?" वेनेरा म्हणाली. आता अशा बाईशी वाद कोण घालणार?

तिचा नवरा ओराझिओ तर मुळीच घालायचा नाही. आचिरेआले गावात चौकामागच्या गल्लीत त्याचं केस कापायचं दुकान होतं. तिथे दिवसभर तो गिऱ्हाइकांशी इतकं बोलायचा की घरी हुज्जत घालायला त्याच्याकडे शब्दच उरत नसत. बायकोने मंगळवारचं नाव काढलं की तो खिशातल्या लोखंडी किल्लीला हात लावायचा, अपशकून टळावा म्हणून आमच्याकडे लावतात तसा, आणि तिच्या पाठीमागे गिऱ्हाइकाला डोळा मिचकावायचा. त्याच्या लेखी सगळी गंमतच होती.

वेनेराच्या लेखी नव्हती. तिचा थोरला भाऊ चिरीनो स्वित्झर्लंडला गवंडीकामाला निघाला तो शुक्रवारी. सोमवारी हजर व्हायचं होतं, म्हणून. आई दारात आडवी उभी राहिली. "आगगाडीला वार कळत नाही गं, आई," असं म्हणत त्याने तिला दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि हसत हसत जिना उतरला. पुढच्या वसंतात तो पेटीत घातलेला परत आला. वेनेरा तेव्हा बारा वर्षांची होती. त्या दिवसापासून ते दोन वार तिच्या हाडात बसले.

तशी ती भित्री नव्हती. लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं तिने लिंबांच्या वखारीत काम केलं. एकेक लिंबू पातळ कागदात गुंडाळायचं, पेटीत रचायचं, पेटीवर गावाचं नाव मारायचं. व्हेनिस. बोलोनिया. फ्लॉरेन्स. एकदा मुकादमाने एका पोरीला कानफटात मारली, तर वेनेराने अर्धी पेटी त्याच्या पायावर ओतली आणि वर म्हणाली, "हात निसटला, साहेब." तिच्या हातची लिंबं सगळी इटली फिरून आली. ती स्वतः मात्र जवळच्या कातानिया शहराच्या पलीकडे फारशी कधी गेली नाही. आधी पोर लहान, मग सासू अंथरुणावर, मग दुकान. कधीतरी जाऊ, असं नवरा म्हणायचा. त्याची लष्करातली सक्तीची नोकरी पार वर उत्तरेला, उदिनेला झाली होती. जाता-येता त्याने अख्खा देश रात्रीच्या गाडीत, पोरांच्या गर्दीत उभ्याने पार केला होता. स्टेशनांच्या पाट्यांपलीकडे त्याने काही पाहिलं नव्हतं. "एकदा मी प्रत्येक पाटीखाली उतरणार आहे," हे वाक्य त्याच्या दुकानात केस कापलेल्या प्रत्येक माणसाने ऐकलं होतं, काहींनी तर बापाच्या मांडीवर बसून आणि पुन्हा स्वतःच्या पोराला मांडीवर घेऊन.

गंमत बघा, मुलीने नवरा केला तोही उदिनेचाच. ग्राझिएल्लाला तिथे नोकरी लागली, तिथला एर्मेस नावाचा उंच, कमी बोलणारा माणूस मिळाला, आणि या वर्षी मुलगी झाली, नोएमी. ऑक्टोबरात तिचा बाप्तिस्मा ठरला. ओराझिओने जूनमध्येच दुकान कायमचं बंद केलं होतं. दोघं निघाली. अर्थात गुरुवारी.

निघायच्या आदल्या दिवशी वेनेराला कातानियाच्या इस्पितळातून फोन आला होता. बाप्तिस्म्यानंतर आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी, तिच्यासाठी पलंग रिकामा होत होता. तिने "हो" म्हटलं आणि फोन पिशवीच्या तळाशी टाकून दिला.

ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. लिंबाला फुलं आली तेव्हा अंघोळ करताना तिच्या डाव्या काखेशी हाताला एक गाठ लागली होती. आधी तिने ती नाही असं मानून पाहिलं. उन्हाळा गेला, गाठ गेली नाही. मग बाप्तिस्म्याचं कापड आणायला जाते असं सांगून ती एकटीच कातानियाला गेली. तपासणारी डॉक्टरीण तरुण होती, गोड होती, मशीन फिरवताना नातीबद्दल विचारत होती. मग तिचं बोलणं एकदम थांबलं. मशीन फिरत राहिलं, ती मात्र गप्प. वेनेराला सगळं त्या गप्प बसण्यातच कळलं. नंतरच्या सुया आणि कागद उगीच. त्या दुखण्याचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, नुसतं "ते वाईट दुखणं" म्हणतात. वेनेराच्या आईला तेच होतं. तिला उघडलं, पुन्हा शिवलं, आणि ती नाताळपर्यंतसुद्धा टिकली नाही. बाया म्हणाल्या, उघडलं की वारा लागतो आणि ते पसरतं. डॉक्टर म्हणाले, उशिरा आणलंत. वेनेराने दोन्ही ऐकलं होतं आणि दोन्हींवर तिचा विश्वास होता, हीच तर अडचण होती.

तरी तिने हिशेब बसवला होता. बाप्तिस्मा करायचा, पोरीला डोळे भरून बघायचं, गुरुवारपर्यंत घरी परतायचं आणि मग नवऱ्याला सांगायचं.

रविवारी बाप्तिस्मा झाला. जेवणं झाली, व्याही-विहीण गेले. टेबलावर साखरेत घोळलेल्या बदामांचे वाडगे, अर्धे ग्लास आणि दोन मोठे डाग उरले. एर्मेसने कपाटातून एक लांबलचक गुंडाळी काढली आणि सासऱ्यापुढे पसरली. इटलीतल्या सगळ्या रेल्वेमार्गांचा नकाशा होता. त्यावर लाल पेन्सिलीने आधीच खुणा केलेल्या होत्या.

"पप्पा, ही आमची भेट," ग्राझिएल्ला म्हणाली. "दुकान बंद केलंत ना, त्याची. तिकिटं, हॉटेलं, सगळं आमच्याकडून. घरी जाताना उतरत उतरत जा. मम्मा, तोंड मिट, माशी जाईल."

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?" वेनेराने विचारलं.

"दोन महिने!" ओराझिओ टाळी वाजवून म्हणाला. "दोन महिने मी पोटात ठेवलं. मी! अगं, माझ्या पोटात दोन मिनिटं काही राहत नाही. आता बघ. व्हेनिस, बोलोनिया, फ्लॉरेन्स, नेपल्स, मग घर. रोम पुढच्या वेळी. रोम कुठे पळून जातंय?"

"पुढच्या वेळी," वेनेरा म्हणाली. तोंडात बदाम होता, तो तिला गिळता येईना.

"परवा सकाळची गाडी घ्या," एर्मेस म्हणाला. "दुपारच्या आत व्हेनिस."

बाप-लेक दोघंही एकदम हसत सुटले.

"परवा काय वार आहे, जावईबापू?"

"मंगळवार. का?"

"लग्नाला किती वर्षं झाली याला?" ओराझिओने मुलीला विचारलं. "आणि अजून याला आपल्या घरचं कॅलेंडर शिकवलं नाहीस? अरे, मंगळवारी निघालास तर तुझी सासू तुला जेवायला वाढणार नाही."

"पण मंगळवारी गाड्या रिकाम्या असतात," एर्मेस बिचारा म्हणाला.

"का असतात? दक्षिणेतली शहाणी माणसं त्या दिवशी घरी बसतात म्हणून!"

वेनेराही हसली. हसावंच लागलं. मग ओराझिओने चष्मा लावला आणि पेन्सिल घेऊन बायकोला खूश करायला बसला. चाळीस वर्षं ज्या नियमाची चेष्टा केली, तो आज तो मुंजीच्या बटूसारखा मन लावून पाळत होता. "बुधवारी व्हेनिस. गुरुवारी बोलोनिया, सारिनाकडे." सारिना म्हणजे त्याची चुलत बहीण, तिचं तिथे बटणांचं दुकान. "शुक्रवारी हलायचं नाही."

"मधल्या मुक्कामांनाही लागू का हे, पप्पा?" ग्राझिएल्लाने विचारलं. "एकदा घरातून निघालात की झालं ना?"

"गाडीत बसणं म्हणजे निघणं," तो गंभीरपणे म्हणाला. "विचार तुझ्या आईला. आहे की नाही?"

सगळे तिच्याकडे बघत होते. गेली पन्नास वर्षं ती हेच सांगत आली होती. "आहे," ती म्हणाली.

"शनिवारी फ्लॉरेन्स. रविवारी गाव बघायचं. सोमवारी नेपल्सची गाडी. मंगळवारी नेपल्समध्ये बसून पिझ्झा खायचा. बुधवारी घर!"

म्हणजे तिचा सोमवार फ्लॉरेन्स आणि नेपल्सच्या मधल्या रुळांवर गेला. तिने मांडीवर हात ठेवून बोटांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं. दुसरं कुणी घात केला असता तर त्याला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथे धोंडा तिचाच आणि पायही तिचाच.

सोमवारी सकाळी एर्मेस कामाला गेला आणि ओराझिओ स्टेशनवर चौकशीला. तो फोनवरून तिकीट घेणाऱ्यांतला नव्हता. खिडकीत माणूस दिसला पाहिजे, आणि त्या माणसाला आपली सगळी हकिकत सांगता आली पाहिजे. वेनेरा नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. पिशवीच्या तळाशी फोन वाजला. वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला. पोर दचकून रडायला लागली.

"मम्मा, घे ना, कोण आहे?" आतून ग्राझिएल्ला ओरडली.

"वीज विकणारे," वेनेरा म्हणाली आणि पोर मुलीकडे देऊन फोन घेऊन गच्चीत गेली.

"बाई, पुढच्या सोमवारचं पक्कं करायचंय," कातानियाची बाई म्हणाली. आवाज दमलेला होता, वाईट नव्हता. "सकाळी सातला, उपाशी. रविवारी रात्री हलकं जेवायचं. घरचं एक माणूस बरोबर."

"गुरुवारी नाही का जमणार? सोमवारनंतरच्या गुरुवारी?"

"नाही हो. तुम्ही नाही आलात तर पलंग दुसरीला जाईल, आणि मग नव्या वर्षापर्यंत काही सांगता येत नाही." कागद उलटल्याचा आवाज आला. "बाई, डॉक्टरांनी तुमच्या नावापुढे लिहिलंय, पुढे ढकलू नये. असं त्या सगळ्यांच्या नावापुढे लिहीत नाहीत."

समोरच्या घराच्या कठड्यावर कुणी पांढरी चादर वाळत घातली होती. वेनेरा त्या चादरीकडे बघत राहिली. "उद्या सांगते," ती म्हणाली.

"उद्या दुपारपर्यंत. मग माझ्या हातात नाही."

आत ग्राझिएल्ला पोरीला खांद्यावर थोपटत फिरत होती. सांगून टाकू या, असं वेनेराच्या मनात आलं. "ग्राझिएल्ला, एक सांगायचंय."

"मलाही." मुलीचे डोळे चमकत होते. "मम्मा, पप्पांना बघितलंस? मी त्यांना असं कधी बघितलं नाही. दुकान बंद केल्यापासून मला धास्ती होती, हा माणूस आता खुर्चीत बसून वाळणार. आणि काल बघ. शाळकरी पोर झालंय नुसतं. सकाळी दाढी करताना गात होते! तू काहीतरी खोड काढशील याची मला भीती वाटत होती. काढू नकोस हं. तुझं काय ते?"

"काही नाही. बदाम कुठे ठेवायचे, ते विचारत होते."

दुपारी ओराझिओ फुलून आला. खिडकीतला माणूस मूळचा पालेर्मोचा निघाला होता. "सगळं लिहून दिलंय त्याने. आणि बोलोनियाहून सारिनाचा फोन! म्हणते, गुरुवारी आलात तर रविवारपर्यंत सोडणार नाही. म्हटलं, बघतो, मग नेपल्स बुधवारवर जाईल. घाई कुणाला आहे?"

"माझा गुडघा दुखतोय," वेनेरा म्हणाली.

"गाडीत बसायचंच आहे. गाडी काय गुडघ्यावर चालते?"

"घराला कुलूप आहे. कोंबड्या शेजारणीकडे."

"शेजारणीला अंडी मिळतायत. ती आपण न येण्याचे नवस बोलत असेल."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे एकही विघ्न येत नव्हतं. ती जे म्हणेल त्याला त्याच्याकडे हसरं उत्तर होतं. दिवस उतरत गेला तसं काखेतलं ते तिला अधिकच जाणवायला लागलं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. एखादा पाहुणा न बोलता कोपऱ्यात बसून राहावा तसं ते बसून होतं, आणि प्रत्येक नव्या मुक्कामागणिक त्याला जास्तीचे दिवस मिळत होते. एका विचाराने मात्र ती स्वतःलाच घाबरली. फोनवर "गुरुवारी" म्हणताना तिच्या मनाचा एक कोपरा सुखावला होता. पलंग गेला तर गेला, कुणी आपल्याला उघडणार नाही. वार आडवे आले, मी काय करू? पन्नास वर्षं तिने त्या वारांना घाबरून दार लावलं होतं, आणि आज ती त्यांच्याच आड लपू बघत होती.

संध्याकाळी एर्मेसने चीज-बटाट्याची खरपूस पोळी तव्यावर केली, त्याबरोबर मक्याचा घट्ट सांजा. तिकडचं जेवण, ओराझिओ त्याला "भिंतीचा गिलावा" म्हणायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. नकाशा पुन्हा टेबलावर आला होता. तो सारिनाच्या गावावर बोट ठेवून काहीतरी सांगत होता.

"उद्या निघू," वेनेरा म्हणाली.

"बुधवारी," तो म्हणाला, मान वर न करता.

"उद्या. सकाळच्या गाडीने. बुधवारी बोलोनिया. शुक्रवारी फ्लॉरेन्सची गाडी धरायची, शनिवारी नेपल्स. रविवारी आपण घरात पाहिजे."

एर्मेसचा चमचा हवेतच राहिला. ग्राझिएल्ला हसली, खूप हसली. "मम्मा! बाळाने तुला सुधारलं की काय? एर्मेस, लिहून ठेव, आजची तारीख लिहून ठेव! माझी सहल बुडवली होती हिने!"

ओराझिओ हसला नाही. त्याने बायकोकडे पाहिलं, आणि तोंडावरचा आनंद उतरताना सगळ्यांना दिसला असता, जर कुणी बघत असतं तर. तो खुर्चीतून उठला. "जरा हवा घेतो," म्हणून गच्चीत गेला. थोड्या वेळाने वेनेरा शाल घेऊन मागोमाग गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

"काय झालंय?" तो म्हणाला. "तू मंगळवारी निघणारी बाई नाहीस. आई गेली तेव्हासुद्धा तू बुधवार उजाडेपर्यंत थांबली होतीस. कुणाला काय झालंय?"

तिने त्याचा हात धरला आणि शालीखाली, डाव्या काखेशी नेऊन ठेवला. त्याची बोटं आयुष्यभर लोकांच्या माना-गळ्यांवरून फिरली होती. ती तिथे थांबली, आणि हलेनात.

"कधीपासून?"

"लिंबं फुलली तेव्हापासून."

"आणि मी इथे पेन्सिल घेऊन बसलोय." त्याचा आवाज फाटला. "कोणाला सांगितलंस?"

"तुला. आत्ता. सोमवारी सकाळी पलंग आहे. डॉक्टरीण म्हणते, ढकलू नका."

"मग ते व्हेनिस गेलं खड्ड्यात! बुधवारी सरळ घर. सारिनाला फोन करतो."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"सोमवारी मी जाईन. नोएमीची शपथ. पण त्याच्या आधीचे दिवस मला दे." ती भराभर बोलत होती, थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशी. "आईला उघडलं तेव्हा ती तीन आठवडे छताकडे बघत पडून होती, ओराझिओ. तिला आठवायला काय होतं? वखार, चूल आणि चिरीनोची पेटी. मला त्या पलंगावर पडून बघायला काहीतरी पाहिजे. व्हेनिसचं पाणी पाहिजे. मला भीती वाटते. इतकी वाटते की आज सकाळी मी पलंग सोडूनच देणार होते."

तो रडत होता. उघडपणे, नाक पुसत, लहान पोरासारखा. "मग बुधवारी निघू. बोलोनिया गाळू. सगळं बसतं."

"सारिना गाळायची नाही. तुझं एवढं एकच माणूस आहे तिकडे. उद्याच निघायचं. मी हे वार पाळत बसले आणि माझाच सोमवार त्यात जाणार होता. आता मी त्यांना भीक घालत नाही."

"तू घालत नाहीस," तो म्हणाला, "पण मी घालतो! चिरीनोला विसरलीस? तुला असं असताना मी तुला मंगळवारी गाडीत बसवू? मी?"

चाळीस वर्षं लोखंडाला हात लावून डोळा मिचकावणारा माणूस आता खिशातली किल्ली घट्ट धरून उभा होता. तिला पहिल्यांदाच कळलं की त्याची ती चेष्टा तिच्या जिवावर चालली होती. घरात घाबरायला एक माणूस होतं, म्हणून दुसऱ्याला हसता येत होतं. आता तिने ते काम सोडल्यावर ते त्याच्या गळ्यात येऊन पडलं होतं.

"मुलीला घरी पोचल्यावर सांगू," ती म्हणाली. "आत चल. तोंड धू आधी."

मंगळवारी सकाळी दाढी करताना ओराझिओने हनुवटीवर कापून घेतलं. उभ्या आयुष्यात त्याच्या हातून स्वतःचं किंवा परक्याचं रक्त आलं नव्हतं. तो कागदाचा कपटा चिकटवून बाहेर आला. वेनेराने तो कपटा पाहिला. कालचं बोलणं सोपं होतं. तरी तिने पिशवी उचलली.

स्टेशनवर ग्राझिएल्ला पोरीला कडेवर घेऊन आली होती. ती आईचे फोटो काढत होती, "मंगळवारची मम्मा" म्हणून मैत्रिणींना पाठवत होती. वेनेराने कातानियाला फोन लावायला खांबाआड जाऊन तोंड फिरवलं आणि "सोमवारी येते" एवढंच सांगितलं. मग तिने नातीचे पाय चुंबले, मुलीला मिठी मारली, ती जरा जास्त वेळ. उजव्या बाजूनेच मारली.

"अगं, नाताळला येतोच की आम्ही," ग्राझिएल्ला म्हणाली.

"या," वेनेरा म्हणाली. "नक्की या."

ती गाडीत चढली. सामान वर लावलं, खिडकीची जागा नवऱ्यासाठी सोडली आणि मागे वळून बघते तर तो खालीच. डब्याच्या दाराशी दांड्याला हात लावून उभा होता आणि पाय उचलत नव्हता. मागच्या दोन बाया त्याला वळसा घालून चढल्या. गार्डने दार लावायची शिट्टी फुंकली.

"पप्पा, चढा ना!" ग्राझिएल्ला ओरडली.

वेनेरा दारात आली. "ओराझिओ."

"हे मी करतोय असं वाटतंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पाय टाकला की काहीतरी सुरू होईल, आणि ते मला थांबवता येणार नाही."

"ते कधीच सुरू झालंय रे," ती म्हणाली. "चढ. मला एकटीला जायचं नाही."

तो चढला. दार बंद झालं. मुलगी आणि पोरीचा हलवून दाखवलेला छोटासा हात खिडकीतून मागे गेले. घरं संपली, मक्याची कापलेली शेतं सुरू झाली. वेनेराने त्याला खिडकीशी ढकललं, तर तो उलट समोरच्या जागेवर, गाडीच्या दिशेला पाठ करून, तिच्यापुढे बसला. तालियामेंतो नदीचा पूल आला. पात्रभर पांढरे गोटे, मधून निळ्या पाण्याच्या बारीक धारा, उन्हात सगळं लखलखत होतं. ती म्हणाली, "बघ ना बाहेर. एवढं सुंदर आहे."

"बघतोय," ओराझिओ म्हणाला. त्याने मान वळवली नाही. तो तिच्याकडेच बघत होता, आणि पूल संपून गेला तरी बघत राहिला.